गळाच्या माशीसाठी पिसांची निवड : मालवण परिसराच्या संदर्भात

गोषवारा

गळाला पिसे बांधून कीटकाचे, कोळंबीचे किंवा लहान माशाचे सोंग उभे करण्याची कला जगात प्राचीन आहे. या कलेत पिसाची निवड हा कळीचा प्रश्न असतो. एकोणिसाव्या शतकात ही निवड दुर्मीळतेच्या निकषावर होऊ लागली आणि सह्याद्रीतील राखी रानकोंबड्यासारख्या पक्ष्यांना तिची किंमत मोजावी लागली. पीस पाण्यात कोणते काम करते हा निकष लावल्यास मालवणच्या खाडीत उपयोगी पडणारी जवळजवळ सर्व पिसे गावठी कोंबड्याच्या अंगावर मिळतात, हे प्रस्तुत लेखात दाखविले आहे. पिसाची रचना, खाडीतील परिस्थिती, कायदा आणि पिसे राखण्याची पद्धत यांचा विचार त्या अनुषंगाने केला आहे.

बीजशब्द : गरवणे, कृत्रिम माशी, पीस, गावठी कोंबडा, राखी रानकोंबडा, वन्यजीव संरक्षण अधिनियम

१. प्रस्तावना

मालवणच्या किनाऱ्यावरील मासेमारी म्हटली की प्रथम रापण डोळ्यांपुढे येते. जाळ्याची दोन्ही टोके धरून माणसांच्या दोन रांगा वाळूवर उभ्या राहतात आणि समुद्र जे देईल ते ओढून आणतात. या सामूहिक उद्योगाच्या शेजारीच एकट्या माणसाचा एक शांत उद्योगही चालतो. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तेथे, कोळंबच्या खाडीत किंवा गड नदीच्या मुखाशी कालावलच्या खाडीत गरी टाकून बसणे, म्हणजेच गरवणे, हा तो उद्योग होय. गरवणाऱ्याच्या गळाला बहुधा कोळंबी किंवा तारलीचा तुकडा लावलेला असतो. माशाला वास येतो, चव कळते आणि तो गळ गिळतो.

याहून वेगळी अशी एक रीत आहे. तिच्यात गळाला खाद्य लावत नाहीत. खाद्याचे सोंग लावतात. पिसे, केस आणि दोरा यांच्या साहाय्याने गळाच्या दांड्यावर एखादा कीटक, कोळंबी किंवा लहान मासा उभा केला जातो. प्रारंभी ही सोंगे पाण्यावर उडणाऱ्या कीटकांचीच असत. म्हणून इंग्रजीत त्यांना 'फ्लाय' म्हणजे माशी हे नाव पडले आणि पुढे माशाचे सोंग घेणाऱ्या गळालाही तेच नाव चिकटले. प्रस्तुत लेखात 'माशी' हा शब्द याच व्यापक अर्थाने वापरला आहे. अशा माशीला वास नसतो, चव नसते. मासा फसतो तो केवळ आकार, रंग आणि हालचाल यांना. या तिन्ही गोष्टी मुख्यत्वे पिसातून येतात. म्हणूनच कोणते पीस निवडावे, हा या कलेतील पहिला प्रश्न ठरतो.

हा प्रश्न वरवर पाहता छंदाचा वाटतो. परंतु त्यात पक्षिशास्त्र, पदार्थविज्ञान, वसाहतकालीन व्यापाराचा इतिहास आणि वन्यजीवविषयक कायदा यांचे धागे गुंतलेले आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात तर या प्रश्नाला एक विशेष संदर्भ आहे. ज्या रानकोंबड्याचे पीस ब्रिटनमधील माशी बांधणाऱ्यांनी शतकाहून अधिक काळ अमोल मानले, तो याच जिल्ह्यातील सह्याद्रीच्या रानात आरवतो.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

पिसाच्या माशीचा एक प्राचीन लिखित उल्लेख इसवी सन २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने केला आहे. मॅसिडोनियातील लोक गळाभोवती लाल लोकर गुंडाळून तिला कोंबड्याच्या गलोलीखाली उगवणारी, मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. या वर्णनात पीस कोंबड्याचे आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कोंबडा हा मूळचा आशियातील पक्षी. आग्नेय आशियातील तांबड्या रानकोंबड्यापासून तो माणसाळला आणि माणसाबरोबर पश्चिमेकडे गेला. त्याच्या वंशात राखी रानकोंबड्याचाही वाटा आहे. पाळीव कोंबड्यांच्या कातडीच्या पिवळ्या रंगास कारणीभूत असणारा जनुकीय भाग राखी रानकोंबड्याकडून आला असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

भारतात ही कला ब्रिटिश अधिकाऱ्यांबरोबर आली. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचा 'द रॉड इन इंडिया' हा ग्रंथ १८७३ मध्ये मंगळूर येथे प्रसिद्ध झाला आणि भारतातील गळाच्या मासेमारीवरील प्रमाणग्रंथ म्हणून तो पुढे दीर्घकाळ वाचला गेला. त्याच काळात ब्रिटनमध्ये मात्र माशी बांधण्याची कला वेगळ्या वळणावर गेली होती. सामन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या माश्यांत साऱ्या साम्राज्यातून आणि त्याच्याही बाहेरून पिसे येऊ लागली. दक्षिण अमेरिकेतील टूकन, चीनमधील सोनेरी फेझंट, आफ्रिकेतील शहामृग, भारतातील तणमोर आणि रानकोंबडा अशा पक्ष्यांची पिसे एकाच गळावर बांधली जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आलेली 'जॉक स्कॉट' ही माशी याचे प्रसिद्ध उदाहरण होय. जॉर्ज केल्सन यांच्या १८९५ मधील 'द सामन फ्लाय' या ग्रंथाने अशा माश्यांच्या कृती जणू शास्त्रवचनासारख्या ठरवून दिल्या. सामन मासा समुद्रातून नदीत शिरल्यानंतर सहसा काही खात नाही. त्यामुळे ती रंगीत सोंगे कोणत्याही खऱ्या कीटकाशी जुळत नव्हती आणि जुळण्याची आवश्यकताही कोणाला वाटत नव्हती. पीस माशासाठी निवडले जात होते, की ते पाहणाऱ्या माणसासाठी, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

३. पिसाची घडण आणि तिचे कार्य

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम पिसाची घडण पाहणे आवश्यक आहे. पीस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असते. त्याच्या मध्यभागी कणा असतो, कण्याच्या दोन्ही अंगांना तंतू फुटतात आणि प्रत्येक तंतूला आणखी बारीक उपतंतू असतात. काही उपतंतूंना सूक्ष्म आकडे असून ते शेजारच्या उपतंतूंत अडकतात. या आकड्यांमुळे पिसाचे पाते सलग राहते. पंखाचे पीस बोटांनी उलटे कुरवाळले की विसकटते आणि सुलटे कुरवाळले की पुन्हा जुळते, ते यामुळेच.

कोंबड्याच्या मानेवरील आणि पाठीच्या शेवटच्या भागातून शेपटीच्या दोन्ही अंगांना लोंबणारी पिसे मात्र वेगळी असतात. ती लांब, निमुळती व चकचकीत असतात आणि त्यांच्या कडेच्या तंतूंना उपतंतूंची जोड जवळजवळ नसते. त्यामुळे हे तंतू एकमेकांत न अडकता सुटे व ताठ राहतात. कोंबडीच्या मानेची पिसे याउलट रुंद, गोल टोकाची व मऊ असतात. या फरकाचे कारण संप्रेरकांत आहे. इस्ट्रोजेनच्या प्रभावामुळे मादीची पिसे गोलसर होतात. तो प्रभाव नसल्यास पीस नराच्या पिसासारखे टोकदार वाढते. म्हणूनच खच्ची केलेल्या कोंबड्याची पिसेही नरासारखीच राहतात.

माशी बांधणाऱ्याच्या दृष्टीने या घडणीचा अर्थ सरळ आहे. ताठ, सुटे तंतू असलेले पीस पाणी कमी धरते. ते गळाभोवती आडवे गुंडाळले की तंतू चहूबाजूंनी उभे राहतात आणि पाण्याच्या पृष्ठताणामुळे हलकी माशी तरंगू शकते. मऊ, उपतंतूंनी भरलेले पीस पाणी शोषते, लवकर बुडते आणि प्रवाहाच्या लहानशा हालचालीनेही श्वास घेतल्यासारखे हलते. तरंगणाऱ्या माशीसाठी नराचे पीस आणि बुडणाऱ्या माशीसाठी मादीचे पीस हा जुना नियम या रचनेतूनच आलेला आहे. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तैलग्रंथी असते. तिच्याभोवतीची बारीक पिसे सूक्ष्म तंतूंमध्ये हवा धरून ठेवतात व सहज तरंगतात. टर्कीची पिसे इतकी मऊ असतात की पाण्यात ती शेवाळासारखी लहरतात. प्रत्येक पिसाचा गुण त्याच्या रचनेत असतो. पक्ष्याच्या दुर्मीळतेशी त्याचा संबंध नसतो.

रंगाचाही विचार याच पद्धतीने करता येतो. पिसातील काळा व तपकिरी रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो आणि मेलॅनिनयुक्त पीस झिजेला अधिक टिकते. पांढरे पीस त्या मानाने लवकर झिजते, पण त्यावर हवा तो रंग चढविता येतो. म्हणजे दातेरी माशांसाठी काळे-तपकिरी पीस टिकाऊ आणि रंगकामासाठी पांढरे पीस सोयीचे, असा साधा हिशेब मांडता येतो.

४. मालवणच्या खाडीची गरज

युरोपातील नद्यांत मासे मुख्यत्वे जलकीटक खातात. मालवणच्या खाड्यांत ही स्थिती नाही. जिताडा, तांबोशी, गोबरा यांसारखे येथील शिकारी मासे कोळंबी, खेकडे आणि लहान मासे यांवर जगतात. भरतीबरोबर पेडवे आणि तारल्यांचे थवे मुखाशी येतात व त्यांच्या मागे मोठे मासे येतात. म्हणून येथे तरंगणाऱ्या कीटकाच्या सोंगाला फारसे काम नाही. दोन सोंगे महत्त्वाची ठरतात : एक लहान चंदेरी माशाचे आणि दुसरे कोळंबीचे.

लहान माशाच्या सोंगासाठी लांब, अरुंद व लवचीक पीस लागते. कोंबड्याच्या पाठीवरून शेपटीच्या बाजूला लोंबणारी पिसे यासाठी सर्वांत योग्य असतात. अमेरिकेतील लेफ्टी क्रे यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस खाऱ्या पाण्यासाठी तयार केलेली आणि पुढे जगभर पसरलेली 'डिसीव्हर' ही माशी अशाच पिसांवर आधारलेली आहे. अशा सहा ते दहा पिसांची शेपटी गळाच्या वळणापाशी बांधतात. पिसांची नैसर्गिक बाक आत, म्हणजे एकमेकांकडे ठेवली तर माशाच्या अंगासारखा सलग आकार मिळतो आणि ओढताना पिसे गळाभोवती कमी गुंततात. बाक बाहेर ठेवली तर प्रत्येक ओढीला पिसे मिटतात व उघडतात आणि हालचाल वाढते. पेडव्याएवढ्या सोंगासाठी दहा ते पंधरा सेंटिमीटर लांबीचे पीस पुरेसे होते. कणा जाड असेल तर शेपटी काडीसारखी ताठ राहते व सोंग मेलेले दिसते. म्हणून लांबीइतकीच कण्याची बारीकी पाहावी लागते.

कोळंबीच्या सोंगासाठी मऊ पीस हवे. कोंबडीच्या मानेचे किंवा छातीचे पीस गळाच्या दांड्यावर अंतराअंतराने गुंडाळले असता त्याचे तंतू कोळंबीच्या पायांसारखे हलतात. येथे साधारण नियम असा की गुंडाळावयाच्या पिसाच्या तंतूची लांबी गळाच्या टोकापासून दांड्यापर्यंतच्या अंतराच्या दीडपट ते दुप्पट असावी. तंतू त्याहून लांब असतील तर ते टोकाला झाकतात आणि मासा निसटतो. आखूड असतील तर पाय दिसत नाहीत.

रंगनिवडीस पाण्याची अवस्था कारण असते. समुद्राच्या पाण्यात तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच मोठ्या प्रमाणात शोषला जातो. त्यामुळे खोलवर गेलेली तांबडी माशी माशाला काळपट दिसते. बहुतेक लहान माशांची पाठ गडद आणि पोट फिकट असते. सोंगातही वर गडद व खाली पांढरे पीस बांधले की ते खरे वाटते. पावसाळ्यात नद्यांचे पाणी उतरून खाडी गढूळ होते. तेव्हा रंगापेक्षा आकृती महत्त्वाची ठरते. वरच्या उजेडाच्या पार्श्वभूमीवर काळी माशी स्पष्ट दिसते. शिवाय मासा पार्श्वरेखेच्या साहाय्याने पाण्यातील दाबाचे कंप ओळखतो. म्हणून डोक्याशी दाट पिसे बांधून पाणी ढकलणारी जाड माशी अशा वेळी अधिक उपयोगी पडते. दशावतारात कंदिलाच्या उजेडातही राजा आणि राक्षस चालीवरून ओळखू येतात. खाडीतील सोंगाचेही तसेच आहे. चाल साधली नाही तर वेष कितीही उंची असला तरी व्यर्थ होय.

५. रानकोंबड्याचे पीस : मोल आणि मर्यादा

राखी रानकोंबड्याचे शास्त्रीय नाव गॅलस सोनेराटाय असे आहे. फ्रेंच निसर्गअभ्यासक पिएर सोनेरा यांच्या स्मरणार्थ डच पक्षितज्ज्ञ टेमिंक यांनी १८१३ मध्ये ते दिले. हा पक्षी केवळ भारतात, मुख्यत्वे दक्षिण व पश्चिम भारतात आढळतो. नराच्या मानेवरील पिसांत निसर्गाचा एक विलक्षण प्रकार दिसतो. पिसाच्या टोकाशी कणा रुंद व चपटा होऊन त्याची मेणासारखी गुळगुळीत, कडक चकती बनते. काळसर पिसावर पांढरे आणि पिवळे ठिपके मुलामा दिल्यासारखे चमकतात. माशीच्या दोन्ही बाजूंना असे एकेक पीस बांधले की ते लहान माशाच्या डोळ्यासारखे दिसते. शिकारी मासा भक्ष्याच्या डोळ्याकडे आकर्षित होतो, असे अनुभवी लोक मानतात. त्यामुळे या पिसाला कार्याच्या दृष्टीनेही काही अर्थ होता, हे मान्य करावे लागते.

परंतु हे पीस मिळविण्यासाठी पक्षी मारावा लागे. मानेची कातडी पिसांसह सोलून ती परदेशी पाठविली जात असे. पिसांच्या एकूण व्यापाराने पक्ष्यांची होणारी हानी पाहून हिंदुस्थान सरकारने १९०२ मध्ये वन्य पक्ष्यांची कातडी व पिसे यांच्या निर्यातीवर बंदी घातली. तरीही चोरटी निर्यात थांबली नाही. ब्रिटनच्या संसदेने १९२१ मध्ये पिसांच्या आयातीवर निर्बंध घालणारा कायदा संमत केला. स्वतंत्र भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ने या पक्ष्याच्या शिकारीस मनाई केली. आज परदेशात मिळणारी राखी रानकोंबड्याची पिसे कायदेशीर असतील तर ती तेथे पैदास केलेल्या पक्ष्यांची असतात.

या कायद्यातील एक गोष्ट अध्यापकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी अशी आहे. संरक्षित वन्य प्राण्यांच्या ज्या अवशेषांना कायदा 'ट्रॉफी' मानतो त्यांत पिसाचाही स्पष्ट समावेश आहे. 'पीस रानात पडलेले सापडले' एवढ्याने ते उचलणाऱ्याच्या मालकीचे होत नाही. मोराच्या शेपटीच्या पिसांना देशांतर्गत व्यवहारापुरती सवलत आहे. त्यांच्या निर्यातीला बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, उपद्रवी प्राण्यांची स्वतंत्र अनुसूची रद्द केली. पूर्वी कावळा त्या अनुसूचीत असे. त्यामुळे 'कावळ्याच्या पिसाला कोण विचारतो' असे आता गृहीत धरता येत नाही. मालवणात सागरी अभयारण्यही आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित झालेल्या या सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात गळ टाकण्यापूर्वी तेथील नियमांची वन विभागाकडे चौकशी करणे हेही कर्तव्य ठरते.

दुर्मीळ पिसाचा मोह किती दूर नेतो याचे अलीकडील उदाहरण इंग्लंडमधील ट्रिंग येथे घडले. तेथील नैसर्गिक इतिहास संग्रहालयातून जून २००९ मध्ये २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरीस गेली. चोरी करणारा तरुण जुन्या पद्धतीच्या सामन-माश्या बांधणारा होता. चोरलेल्या नमुन्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी एकोणिसाव्या शतकात गोळा केलेले पक्षीही होते. चोर सापडला, बरेचसे नमुने परत मिळाले. परंतु त्यांपैकी अनेकांच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या होत्या. पक्षी कोठे व केव्हा मिळाला हे सांगणारी चिठ्ठी गेली की नमुन्याचे शास्त्रीय मूल्य बहुतांशी संपते. राहते ते केवळ सुंदर पीस.

६. गावठी कोंबडा : निवडीची प्रत्यक्ष पद्धत

वर सांगितलेल्या दोन्ही सोंगांसाठी लागणारी पिसे मालवणच्या परसात उपलब्ध आहेत. गावठी कोंबडा घरोघरी पाळला जातो. राखणीच्या निमित्ताने, पाहुणचाराला आणि कोंबडी-वड्यांच्या बेताला तो कापला जातो व त्याची पिसे उकिरड्यावर जातात. दुकानात मिळणारा ब्रॉयलर मात्र या कामाला निरुपयोगी ठरतो. तो साधारण सहा आठवड्यांचा असतानाच कापला जातो. त्या वयात मानेची व पाठीची नराची पिसे तयार झालेली नसतात. निमुळते, लांब, चकचकीत पीस पूर्ण वाढलेल्या, सुमारे वर्षभराच्या कोंबड्याच्याच अंगावर मिळते. अमेरिकेत केवळ पिसांसाठी कोंबड्यांची निवडक पैदास करण्याचा व्यवसाय उभा राहिला आहे, त्याच्याही मुळाशी हेच तत्त्व आहे. २०११ मध्ये केसांत पिसे माळण्याची लाट तिकडे आली तेव्हा या पिसांचा तुटवडा पडला आणि किमती भडकल्या. गावठी कोंबड्याचे पीस त्या पैदाशीच्या पिसाइतके लांब व एकसारखे नसते. परंतु खाडीतील जाडजूड सोंगासाठी ती उणीव आड येत नाही.

निवड करताना पुढील क्रम सोयीचा ठरतो. प्रथम पीस उजेडापुढे धरावे. कण्यालगत मळकट, दाट दिसणारा पट्टा म्हणजे उपतंतूंचा भाग. तो अरुंद असेल तर पीस ताठ कामाचे, रुंद असेल तर मऊ कामाचे समजावे. मग कणा पेन्सिलीभोवती गुंडाळून पाहावा. तो मोडला किंवा पीळ खाऊन तंतू एका बाजूला पडले तर ते पीस गुंडाळण्यासाठी वापरू नये. शेपटीसाठी ते चालू शकेल. त्यानंतर टोक पाहावे. जमिनीवर घासून झिजलेले किंवा पिसे गळण्याच्या काळातील अर्धवट वाढलेले पीस बाजूला काढावे. शेवटी पिसांच्या जोड्या लावाव्यात. डाव्या व उजव्या अंगाच्या पिसांची बाक परस्परविरुद्ध असते; दोन्ही अंगांची सारख्या लांबीची पिसे घेतली नाहीत तर माशी पाण्यात एका कुशीवर फिरते व दोरीला पीळ पडतो.

या सर्व परीक्षांहून निर्णायक परीक्षा पाण्याची होय. काचेच्या बरणीत खाडीचे पाणी घेऊन पीस चिमटीत धरून हळूहळू ओढावे. कोरडे असताना देखणे दिसणारे पीस कित्येकदा ओले झाल्यावर दोऱ्यासारखे चिकटते आणि कोरडे असताना साधे वाटणारे कोंबडीचे पीस पाण्यात जिवंत होते. रानकोंबड्याच्या पिसातील डोळ्याची उणीवही भरून काढता येते. पाळीव गिनी फाउलच्या राखी पिसावरील पांढरा ठिपका कापून लावता येतो किंवा डोक्यावर नेलपॉलिशचे दोन थेंब देऊन डोळा काढता येतो.

पिसे राखण्याचे शास्त्रही कोकणच्या हवेत महत्त्वाचे आहे. पिसे निरोगी, कापलेल्या पक्ष्याचीच घ्यावीत. मरून पडलेल्या पक्ष्याची कदापि घेऊ नयेत. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला, त्याची आठवण या संदर्भात ठेवावी. पिसे कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावीत. ओलसर राहिलेल्या पिसांवर पावसाळ्यात बुरशी येते. कसर लागू नये म्हणून धुतलेली पिसे बंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवावीत, म्हणजे किडीची अंडी मरतात. पीस लोकरीप्रमाणेच प्रथिनाचे असल्याने लोकरीचे आम्लधर्मी रंग थोडे व्हिनेगर घालून त्यावर चढविता येतात. मात्र पाणी उकळू देऊ नये. घरगुती हळदीचा पिवळा आणि चहाचा तपकिरी रंगही पिसावर बसतो. हळदीचा रंग उन्हात विटतो, एवढेच.

याखेरीज एक सवय लावून घेणे इष्ट होय. पिसांच्या प्रत्येक पाकिटावर पक्षी कोणता, पीस अंगाच्या कोणत्या भागावरचे, कोठून व केव्हा मिळाले, याची चिठ्ठी असावी. सुट्या पिसावरून त्याचा उगम सांगणे सामान्य माणसाला कठीण असते. चिठ्ठी असेल तर संग्रह कायद्याच्या दृष्टीने निर्दोष राहतो आणि कोणते पीस कोणत्या पाण्यात उपयोगी पडले याची नोंदही आपोआप होत जाते. महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागाला असा संग्रह अल्प खर्चात उभारता येईल. पिसांचे प्रकार, लिंगभेदानुसार होणारा रचनेतील बदल, रंगद्रव्ये आणि पाणी धरण्याची क्षमता हे सारे विषय एका गावठी कोंबड्याच्या साहाय्याने प्रयोगशाळेत दाखविता येतात.

७. समारोप

माशीसाठी पीस निवडण्याचे दोन मार्ग इतिहासाने दाखविले. एका मार्गावर पीस जितके दुर्मीळ तितके ते मोलाचे ठरले. त्या मार्गाने रानकोंबड्याच्या माना परदेशी गेल्या आणि शेवटी संग्रहालयाच्या कपाटापर्यंत चोराचे हात पोहोचले. दुसरा मार्ग पिसाला पाण्यात विचारण्याचा आहे : ते ताठ राहते का, हलते का, कसे दिसते, किती टिकते? हे प्रश्न विचारले की उत्तर बहुधा परसातल्या कोंबड्याकडे येऊन थांबते. एलियनने वर्णिलेल्या मॅसिडोनियन मासेमाराच्या हातीही शेवटी कोंबड्याचेच पीस होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण या व्यवहाराला तंतोतंत लागू पडते.

मालवणात पर्यटन वाढते आहे आणि गळाच्या मासेमारीचा छंद घेऊन येणारा वर्गही त्यात आहे. उद्या एखाद्या तरुणाने येथे माश्या बांधून विकण्याचे ठरविले, तर पिसाची निवड हा त्याच्या धंद्याचा आणि जवळच्या रानाचाही प्रश्न असेल. त्याने पाकिटावर 'गावठी कोंबडा, पाठ, आचरा' अशी चिठ्ठी लावली, तर त्याची माशी खाडीतील जिताड्याला पुरेशी खरी वाटेल आणि रानातला कोंबडा आपल्या मानेवरील ठिपके घेऊन पहाटे आरवत राहील.